सोळा पिनांचा प्लग

कॉम्प्युटर जोडणाऱ्या बाईला भीती कसली वाटणार, असं लोकांना वाटतं. विजेच्या खांबावर चढणाऱ्याला वाटावी, विहिरीत उतरून मोटर काढणाऱ्याला वाटावी. मी तर सीताबर्डीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पंख्याखाली स्टुलावर बसून स्क्रू पिळते. अठ्ठावीस वर्षं पिळते आहे. तरी खरं सांगते, नव्या मशीनचं बटण पहिल्यांदा दाबताना अजूनही माझा तळवा ओला होतो. पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली की जीव भांड्यात पडतो.

ही भीती मला सवयीची आहे. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र दुसरी भीती कळली. मशीन माझ्या हातून निघून कुणाच्या तरी घरात जाऊन बसल्यावरची. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले गमतीदार किस्से मागितले होते. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं की गंमत थोडी कमीच असेल.

माझं नाव सुषमा धोटे. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरीचं लग्न होऊन ती रायपूरला गेली, मी टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आले. नवं गिऱ्हाईक आजही आधी माझ्या मागे बघतं आणि विचारतं, "मॅडम, मिस्त्री कुठे गेला?" मी म्हणते, "बसा, काम सुरूच आहे," आणि त्याच्यासमोर त्याच्या कॉम्प्युटरचा डबा उघडायला घेते. बिचारा अर्धा तास कुणाची तरी वाट बघत बसतो.

गेम खेळण्याचं भारी मशीन म्हणजे सगळ्या महाग वस्तू एका डब्यात कोंबणं नव्हे. त्यातल्या भागांचं एकमेकांशी पटावं लागतं. प्रोसेसर गणितं करतो, ग्राफिक कार्ड चित्रं काढतं, आणि पॉवर सप्लाय नावाचा एक ओबडधोबड डबा घरातली वीज या दोघांना झेपेल अशी करून वाटून देतो. गिऱ्हाईक पहिल्या दोघांवर तासभर बोलतं. पॉवर सप्लायबद्दल कुणी एक मिनिट बोलत नाही, कारण तो दिसत नाही. धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी मला सगळ्यात आधी विचारलं होतं की आत लायटिंग किती रंगांचं येईल. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पेशंटचा शर्ट कोणत्या रंगाचा आहे ते तुम्ही आधी बघता का?" ते हसले, पण लायटिंग घेऊनच गेले.

त्यात आमचं नागपूर. बाहेरगावचे हुशार लोक व्हिडिओत जी यादी सांगतात, ती यादी इथे मे महिन्यात तापाने फणफणते. पंचेचाळीस अंशांचं ऊन, खोलीत कूलरची दमट हवा आणि वरून धूळ. म्हणून मी यादी हातात घेतली की आधी विचारते, मशीन कोणत्या खोलीत ठेवणार? कूलर कुठे आहे? टेबलाखाली की टेबलावर?

आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. त्या खोलीत आणखी कोण असतं?

एप्रिलमध्ये निखिल भोयर दुकानात आला. वय पस्तिशीच्या आतबाहेर, खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी आणि तिथल्याच कॉलनीत क्वार्टर. जुनं मशीन चादरीत गुंडाळून आणलं होतं.

"काकू, याच्यात सगळ्यात मोठं ग्राफिक कार्ड टाकून द्या."

"कशासाठी पाहिजे? कोणता गेम?"

"मले नाही, बाबाले पाहिजे," तो जरा लाजून म्हणाला. "बस चालवतात."

त्याचे वडील रामकृष्ण भोयर एसटीत तीस वर्षांवर ड्रायव्हर होते. नरखेड, काटोल, अमरावती, सगळे रस्ते त्यांच्या पायाखालचे. निवृत्त झाले, बायको गेली, मग तब्येतीमुळे घराबाहेर पडणंच बंद झालं. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. निखिलने त्यांना बस चालवायचा गेम आणून दिला. खरं स्टिअरिंग, पायाशी क्लच-ब्रेक, बाजूला गिअर, समोर तीन पडदे. तेव्हापासून म्हातारबुवा रोज सकाळी दाढी करून 'ड्यूटी'वर बसायला लागले होते.

"मग अडचण काय आहे?"

"ते त्यायलेच विचारा न," म्हणत त्याने फोन लावून माझ्या हातात दिला.

"बाई, हायवेवर गाडी मस्त चालते," पलीकडून आवाज आला. "गावात शिरलं, स्टँडवर वळवली, का अडकून अडकून येते. आरशात मागची गाडी दिसते... मंग दिसतच नाही... मंग एकदम बाजूलेच. असं असलं तं माणूस मरते न वं."

दोन-दोन शब्दांवर ते थांबत होते. मागे एक एकसुरी घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, वय झालंय, आणि फ्रिज जवळ असेल.

त्यांनी दुखणं मात्र अगदी नेमकं सांगितलं होतं. मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि गर्दीत अडकतं, म्हणजे चित्र काढणारा नाही, गणितं करणारा थकतोय. गावात शंभर गाड्या, शंभर माणसं, प्रत्येकाचा हिशेब प्रोसेसरला ठेवावा लागतो आणि आरशातलं सगळं पुन्हा वेगळं मांडावं लागतं. निखिलला मी सांगितलं, "नुसतं कार्ड टाकलं तर तुझ्या बाबांची गाडी दिसायला सुंदर होईल, अडकायची ती अडकेलच." तीन मोठ्या पडद्यांसाठी कार्ड मोठं लागणारच होतं. सोबत प्रोसेसरही बदलायचं ठरलं, म्हणजे ओघाने मदरबोर्ड आणि रॅमही.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. जुना काढून टाकला आणि त्याच्या वायरीही त्याच्यासोबत बाहेर. एका कंपनीच्या सप्लायच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला खटकन बसतात, पण आतली तारांची मांडणी वेगळी असते. बऱ्याच वर्षांपूर्वी आळस करून मी एक जुनी वायर तशीच ठेवली होती. बटण दाबलं आणि हार्ड डिस्क जळाली. तिच्यात गिऱ्हाईकाच्या वारलेल्या मुलीचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. त्या बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. त्या दिवसापासून माझ्या दुकानात जुनी वायर राहत नाही.

वाद झाला तो डब्यावरून, म्हणजे कॅबिनेटवरून. नवं कार्ड एवढं मोठं की विटेसारखं दिसतं. त्याला वीज देणारा प्लग सोळा पिनांचा, काडेपेटीपेक्षाही लहान. घरातल्या गिझरच्या वायरीतून जातो त्याच्या तीन-चार पट करंट त्या एवढ्याशा प्लगातून जातो. तो पुरता आत बसला तर काही होत नाही. केसभर बाहेर राहिला तर धातू धातूला नीट टेकत नाही, तापतो, प्लास्टिक वितळतं. पुढचं सांगायला नको.

"नवं कॅबिनेट घे," मी म्हटलं. "याची रुंदी कमी आहे. बाजूची काच वायरीला दाबेल."

"काकू, टेबलाखाली हेच बसते. बाबाच्या पायाजवळ जागाच नाही. पेडल आहेत न."

मी मोजलं. काच बंद होत होती, वायर मात्र वाकत होती. नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते, बसवते."

मशीन मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात जोडलं. तो प्लग बसताना बारीक 'टिक' असा आवाज येतो. आधी टिक ऐकायची, मग दोन बोटांनी मागे ओढून बघायचं, मग टॉर्च लावून फट दिसते का ते बघायचं, हा माझा नेम. त्या दिवशी प्लग लावताना टेबलावरचा फोन थरथरला. कानांच्या दवाखान्यातून होता. घरी सगळे म्हणत होते की मला मोबाइलची घंटी ऐकू येत नाही, म्हणून कान तपासून आले होते. रिपोर्ट तयार आहे, या, एवढंच त्या मुलीने सांगितलं. फोन ठेवला आणि मी पुन्हा कामाला लागले. दोन तास मशीन पळवून बघितलं. उत्तम चाललं. निखिल मित्राच्या गाडीतून घेऊन गेला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हातात आला. डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. "जाड आवाज तुम्हाला व्यवस्थित ऐकू येतात. उंच, बारीक आवाज जवळजवळ नाहीत. पक्ष्याची चिवचिव, घड्याळाची टिकटिक, अशा प्रकारचे. हे हळूहळू होतं, माणसाला कळत नाही." मी म्हटलं, चला, आता शेजारणीचे टोमणे तरी ऐकू येणार नाहीत. त्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन पोळ्या केल्या. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला निखिलचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सकाळी ड्यूटीवर यायच्या आधी काढला. बाबा एकदम खूश!'

फोटोत म्हातारबुवा बनियनवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कानांवर हेडफोन. तोंडभर हसत होते. त्यांच्या नाकात नळी होती. ती नळी गालावरून कानामागे आणि तिथून खाली, खुर्चीशेजारी ठेवलेल्या पांढऱ्या मशीनपर्यंत जात होती. ऑक्सिजनचं मशीन. फोनवर ऐकलेली घरघर फ्रिजची नव्हती. त्यांच्या मागे भिंतीवर लाल स्केचपेनाने लिहिलेला कागद चिकटवला होता: 'या खोलीत बिडी, काडेपेटी, अगरबत्ती आणू नये.' आणि त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, टेबलाखाली, मी जोडलेला डबा.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण तो जिथे साठतो तिथे साधी ठिणगी भडकायला वेळ लागत नाही. कापूस, बनियन, प्लास्टिकची नळी, काहीही.

मी स्टुलावर बसून आठवायला लागले. टिक ऐकली होती का? नाही. मग गेल्या दोन वर्षांत कधी ऐकली होती? हेही आठवेना. आपण ऐकतो असं मी धरून चालले होते. हात सवयीने दाबत होता आणि डोकं सवयीने 'टिक' म्हणत होतं. ठीक आहे, मग ओढून बघितलं होतं का? फोन थरथरला, उजव्या हातात प्लग होता, डाव्याने फोन उचलला, 'रिपोर्ट तयार आहे'... त्यापुढे एकदम काच बंद करतानाचे माझे हात दिसत होते. मधलं काहीच नव्हतं. कितीही मागे गेले तरी तिथे कोरी जागा.

निखिलला फोन लावला. बंद. जेवणाची सुटी संपवून तो पुन्हा आत गेला असणार. आत जाताना त्यांना फोन बाहेर ठेवावा लागतो, ते त्यानेच सांगितलं होतं. सुटी चारनंतर. त्याच्या वडिलांचा नंबर त्याने बिलावर लिहून दिला होता, तो लावला. वाजत राहिला. पाचदा लावला.

शटर ओढलं, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटर काढली. दुपारी दीडला मे महिन्यात नागपुरात कुत्रंही रस्त्यावर नसतं. कोराडीकडे जाताना हवा भट्टीच्या तोंडासारखी अंगावर येत होती. हँडलला हात टेकवत नव्हता. मी स्वतःला समजावत होते की सुषमा, तू वेडी आहेस, दोन तास पळवून बघितलंस ना. लगेच आतून उत्तर येई, दुकानात ते टेबलावर स्थिर होतं. नंतर गाडीत पंचवीस किलोमीटर हादरलं, आणि काच वायरीला दाबते आहे. आज तीन दिवस म्हातारबुवा रोज तीन पडद्यांवर बस पळवताहेत. लांब वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या. त्यांतून निघणारा धूर बघून मी स्कूटरचा वेग वाढवला. तो तर रोजचाच धूर आहे, हे कळायलाही एक क्षण लागला.

क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. दार आतून बंद. बेल दाबली, कडी वाजवली, हाका मारल्या. आतून फक्त कूलरचा ढणढणाट. एकमेव खिडकीत कूलर बसवलेला, त्यामुळे आतलं काही दिसेना. मी दाराच्या फटीला नाक लावलं. जाड आवाज मला ऐकू येतात आणि माझं नाक शाबूत आहे. सुकटीसारखा एक वास येत होता. हा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही. प्लग वितळायला लागला की प्लास्टिक असंच वास मारतं.

समोरच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. वंदनाताई, हे नाव नंतर कळलं.

"काहून एवढ्या जोरानं वाजवून राहिल्या? बाबा आहेत न आत. कानाले ते लावलं का त्यायले काही ऐकू येत नाही."

मी कसंबसं सांगितलं. त्यांना अर्धं कळलं असेल, पण माझा चेहरा बघून त्यांनीही दार बडवायला सुरुवात केली. काही उपयोग झाला नाही. जिन्याच्या भिंतीवर मीटरची पेटी होती, प्रत्येक घराचा मेन वेगळा. माझा हात तिकडे गेला.

"आवो बाई!" वंदनाताईंनी माझं मनगट धरलं. "लाइट गेली तं बाबाचं हवेचं मशीन बंद पडते!"

हात तसाच हवेत राहिला. मेन पाडला तर त्यांचा श्वास तोडणार. नाही पाडला तर त्यांच्या पायाशी ते प्लास्टिक वितळत राहणार, ऑक्सिजनच्या शेजारी. माझ्या धंद्यात मी हजारदा वीज बंद केली असेल. वीज बंद करणं म्हणजे सुरक्षित, हेच मी सगळ्यांना शिकवत आले. त्या जिन्यात पहिल्यांदा मला ते बटण चालू-बंद दोन्हीकडून भयानक वाटलं.

"लाइट जाते तेव्हा काय करता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओरडल्यासारखा वाटला.

"सिलिंडर आहे न, पलंगाजवळ. बाबा स्वतःच दारापर्यंत येतात, कडी काढतात, मी जाऊन लावून देते. निखिलनं मले शिकवून ठेवलं."

"दारापर्यंत येतात? नक्की? किती वेळ लागतो?"

"येतात वं. हळूहळू येतात."

"तुम्हाला सिलिंडर येतो ना लावता?"

"येते, येते."

लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणाऱ्या निखिलच्या जुन्या यूपीएसला नवं मशीन झेपत नव्हतं, म्हणून मीच तो काढायला लावला होता. मेन पाडला की गेमचं मशीनही लगेच मरणार हे मला माहीत होतं. वंदनाताईंनी माझं मनगट सोडलं. मी मेन खाली ओढला.

कूलर घरघरत थांबला आणि सगळा जिना शांत झाला. आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या. माझे कान काय कामाचे! मी वंदनाताईंच्या तोंडाकडे बघत होते. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. एकदा त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ काहीच नाही. "उठले," त्या पुटपुटल्या. पुन्हा काहीच नाही. माझ्या मनात येऊन गेलं की उठले आणि पडले असतील. मीच एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास बंद करून दाराबाहेर उभी आहे आणि दार फोडायची ताकदही माझ्यात नाही. मग आतून खोकला ऐकू आला. जाड, खोल. तो मला ऐकू आला. कडी सरकली.

दारात म्हातारबुवा भिंतीला धरून उभे होते, ओठ निळसर, हेडफोन गळ्यात. वंदनाताई त्यांना धरून आत गेल्या, पलंगावर बसवलं, सिलिंडरची चावी फिरवली, नळी लावली. हे सगळं त्यांनी एवढ्या सफाईने केलं की मी बघत राहिले. मग मी गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखालचा डबा बाहेर ओढला. काच उघडली. वास भपकन तोंडावर आला.

प्लग एका बाजूने केसभर बाहेर होता. काचेने वायर दाबली होती आणि वायरीने प्लग तिरपा केला होता. एका कोपऱ्यातलं काळं प्लास्टिक फुगून मऊ झालं होतं, दोन पिना तपकिरी पडल्या होत्या. हात लावला तर चटका बसला.

"काय झालं वं?" पलंगावरून त्यांनी विचारलं. जरा रंग परतला होता. "मी तं कारंजाले पोहोचून राहिलो होतो."

मला खोटं बोलता आलं असतं. पार्ट खराब निघाला, कंपनीचा दोष, व्होल्टेज वरखाली झालं. धंद्यात असली वाक्यं तयारच असतात, आणि समोरच्याला त्यातलं काही कळत नाही. मी जमिनीवर बसूनच सांगितलं. प्लग मी नीट बसवला नाही. आवाज ऐकून बसवायचा असतो, आणि मला तो आवाज ऐकू येत नाही. हे मला काल कळलं, आणि कळूनही त्याचा अर्थ आज दुपारी कळला. कॅबिनेट अरुंद आहे हेही माहीत होतं. तरी बसवलं.

त्यांनी नाकातली नळी नीट केली. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं.

"रिटायर व्हायच्या आधी," ते म्हणाले, "एक वर्ष... मले संध्याकाळी समोरच्या गाडीचे दिवे फाकून दिसत. रस्ता कोठी, बाजू कोठी, समजत नव्हतं. अंदाजानं काढत जाओ." थांबून त्यांनी श्वास घेतला. "पन्नास माणसं राहत मागं. लेकरं राहत. कोणाले नाही सांगितलं. बायकोलेही नाही. नोकरी जाईन म्हणून."

वंदनाताईंनी त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "पण अजून झोपीत ते दिवे येतात. तू आज आली. मी नव्हतो गेलो कोणाकडं."

मी नळाचं पाणी तोंडावर मारलं, गेमच्या मशीनचा भिंतीतला प्लग काढला, तो निघालाय ना ते पुन्हा बघितलं, आणि मग जिन्यात जाऊन मेन वर केला. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर सुरू झाली.

निखिल सव्वाचारला आला. त्याला मी तीच हकीकत सांगितली. तो वितळलेला प्लग तळहातावर घेऊन बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, "काकू, बाबा दिवसभर घरी एकटेच राहतात." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं.

मशीन मी परत आणलं. कार्ड, पॉवर सप्लाय, वायर सगळं नवं घातलं, रुंद कॅबिनेटात. निखिलने ते बाबांच्या खोलीत ठेवू दिलं नाही, आणि मीही ठेवलं नसतं. भिंतीला भोक पाडून डबा पलीकडच्या खोलीत ठेवला; या खोलीत फक्त पडदे आणि स्टिअरिंग. तो प्लग निखिलने माझ्यासमोर स्वतः दाबला आणि मला म्हणाला, "आला आवाज." म्हातारबुवा आता स्टँडमध्ये बस वळवतात तेव्हा आरशातली गाडी अडकत नाही. त्यांनी फोन करून मला तसं कळवलं. माझ्या कानात आता यंत्रं आहेत आणि त्यांच्यातून जग जरा पत्र्यासारखं ऐकू येतं. तरी प्लग बसवताना मी शेजारच्या झेरॉक्सवाल्या मीनाला बोलावते. तिने ऐकल्याशिवाय काच बंद करत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

खापरखेड्याहून परतले त्याच रात्री वही काढून बघितलं. असा सोळा पिनांचा प्लग मी निखिलच्या मशीनशिवाय आणखी अकरा मशीनांत बसवला होता. कान कधीपासून गेले हे कुणीच सांगू शकत नाही. मी अकराही जणांना फोन केले. काही जण चिडले, एकाने हसण्यावारी नेलं, "काकू, चालून राहिलं न, कशाले हात लावता?" मी तरी गेले. घरोघर जाऊन, मशीन बंद करून, काच उघडून, टॉर्च लावून बघितलं. नऊ जणांचे प्लग व्यवस्थित बसलेले होते. रामटेकच्या एकाचा केसभर बाहेर होता, अजून तापला नव्हता. त्याच्या घरी पाळण्यात मूल झोपलं होतं आणि पाळणा मशीनच्या शेजारी होता. मी आधी पाळणा दुसऱ्या खोलीत हलवायला लावला, मग प्लग दाबला.

अकरावं मशीन मिळालं नाही. ज्या मुलासाठी केलं होतं तो परदेशी शिकायला गेला. जायच्या आधी त्याने ते इंटरनेटवर जाहिरात देऊन विकलं. घेणारा गाडी घेऊन आला, मशीन तीत ठेवलं आणि गेला. नाव विचारलं नाही, नंबर जुन्या फोनमध्ये गेला. यवतमाळचा होता की अकोल्याचा, हेही त्याला नीट आठवत नाही.

हा दिवाळी अंक विदर्भात सगळीकडे जातो, म्हणून हे लिहिलं. मशीन काळ्या रंगाचं आहे. डाव्या बाजूला काच आहे, काचेच्या खालच्या कोपऱ्यात नारिंगी गोल स्टिकर आणि त्यावर निळ्या शाईने 'सु.धो.' अशी माझी सही. तुमच्या घरात, भाच्याकडे, शेजाऱ्याकडे असं मशीन असेल तर आधी ते बंद करा. भिंतीतला प्लग काढा. थोडा वेळ निवू द्या. मग काच काढा, सगळ्यात मोठ्या कार्डाला जिथे काळी वायर जाते तिथला प्लग बघा. तपकिरी दिसला किंवा सुकटीसारखा वास आला तर हात लावू नका, मशीन तसंच बंद राहू द्या. स्वच्छ दिसला तर अंगठ्याने सरळ आत दाबा.

आवाज आला नाही आणि टॉर्चच्या उजेडात फटही दिसली नाही, तर तो आधीपासूनच बसलेला आहे. टिक असा आवाज आला, तर तो इतके दिवस अर्धवट होता. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मला कळवा, माझा नंबर संपादकांकडे आहे. रागवायचं असेल तरी कळवा.